गुरुवारचा व्हिडिओ

विद्यार्थी व्हिडिओ कितव्या मिनिटाला सोडून गेला, ते आम्हाला दिसतं. वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्याला मागच्या बाकावर कोण डुलक्या काढतंय हे कळत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमात मात्र प्रत्येक व्हिडिओखाली एक आलेख तयार होतो आणि कधी किती जण उठून गेले ते त्यात मुकाट्याने नोंदलं जातं. महाविद्यालयात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवून मी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन केंद्रात आले, तेव्हा सवयीने आधी हे आलेखच उघडून बसले. पन्नास मिनिटांचं व्याख्यान. सुरुवातीला उंच असलेली रेघ पाच-सात मिनिटांत धाडकन खाली येते, मग तळाशी सरपटत राहते आणि अगदी शेवटी पुन्हा जराशी मान वर काढते. या शेवटच्या उंचवट्याचं मला फार कुतूहल होतं. नंतर कळलं, सर शेवटच्या दोन मिनिटांत 'परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचं' काय ते सांगायचे आणि ही बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फिरलेली असायची.

असे अभ्यासक्रम उकलून पुन्हा बांधायचे, हे माझं काम. केंद्रात या पदाला 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' म्हणतात. घरी ते अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. सासूबाई 'ती व्हिडिओचं काम करते' असं सांगतात आणि मीही आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाही. खरं तर व्हिडिओ हा त्या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे.

आमच्याकडे आलेले बहुतेक अभ्यासक्रम घाईत जन्मलेले होते. मार्च २०२० मध्ये महाविद्यालयं बंद झाली आणि वर्गात जे चालू होतं ते उचलून जसंच्या तसं कॅमेऱ्यासमोर ठेवलं गेलं. त्या वेळी दुसरं काही करणं शक्यही नव्हतं, त्यामुळे त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण टाळेबंदी उठली तरी ते व्हिडिओ उठले नाहीत. शिवाय हे सगळं पुढे श्रेयांकांशी जोडलं गेलं. २०१७च्या जुलैत सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलने ऑनलाइन अभ्यासक्रमाला चार भागांची चौकट घालून दिली होती: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि मूल्यमापन. विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा अभ्यासक्रमांतून आधी २० टक्के आणि २०२१ मध्ये ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक मिळवायला परवानगी दिली आणि विद्यापीठाविद्यापीठांत धावपळ सुरू झाली. चौकट चांगलीच आहे. पण चारही भागांवर सारखा जीव कोणी लावत नाही. व्हिडिओवर खर्च होतो, कधीकधी त्याचं उद्घाटनही होतं. वाचनसाहित्य म्हणजे त्याच पीपीटीची पीडीएफ. मूल्यमापन म्हणजे दहा बहुपर्यायी प्रश्न. आणि चर्चेची जागा संगणक आपोआप तयार करतो, म्हणून ती असते.

त्या जागेत काय असायचं? 'सर, पीडीएफ मिळेल का?' 'परीक्षा कधी आहे?' 'सर्टिफिकेट अजून आलं नाही.' आणि त्याखाली 'मलापण' म्हणणाऱ्यांची रांग. पण एका जुन्या सत्रातल्या या गर्दीत मला एका मुलीचा प्रश्न सापडला. प्रमाण विचलन काढताना 'एन'ने भागायचं की 'एन वजा एक'ने? पुस्तकात एक दिलंय, व्हिडिओत दुसरं, मग खरं कोणतं? संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला यापेक्षा चांगला प्रश्न मिळणं कठीण. समष्टी आणि नमुना यांतला सगळा फरक त्या एका भागाकारात आहे. त्यावर अख्खा तास घेता आला असता. प्रश्नाखाली कोणाचंही उत्तर नव्हतं. सत्र संपून वर्ष उलटलं होतं, मुलगी बहुधा पासही झाली असेल. तिने त्यानंतर त्या अभ्यासक्रमात कुठेही एक ओळ लिहिली नव्हती, हे मी तपासलं. का लिहील?

'ऑनलाइनला मुलं बोलतच नाहीत' ही तक्रार मी प्रत्येक बैठकीत ऐकली आहे. कॅमेरा बंद, माइक बंद, सर विचारतात 'समजलं का?' आणि चार अंगठे वर येतात. माझं मत त्या मुलीच्या प्रश्नापासून पक्कं होत गेलं: मुलं पहिल्या आठवड्यात एकदा चाचपून बघतात. आपण लिहिलेलं कोणी वाचतं का? वाचून त्याने काही फरक पडतो का? नाही असं दिसलं की ती आपला वेळ वाचवतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

हे मत संस्थेच्या गळी उतरवणं मात्र सोपं नव्हतं, कारण 'इंटरॅक्टिव्ह करा' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बटणं येतात. एका कंपनीचे लोक प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. पडद्यावर एक कार्टून मॅडम, फिरणारं चाक, शब्द ओढून योग्य चौकटीत टाकायचे, बरोबर आलं की टाळ्यांचा आवाज. समितीतले सगळे खूश. मला अशा साधनांचा राग नाही. एचफाइव्हपी नावाचं एक मुक्त साधन आहे, ते मी रोज वापरते. त्यात चालू व्हिडिओ थांबवून मध्येच प्रश्न विचारता येतो. पण नोंदी पाहिल्या तर काय दिसतं? चार पर्यायांवर तीन-चार सेकंदांत एकापाठोपाठ एक बोट पडलेलं. एका विद्यार्थ्याला मी विचारलं तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "मॅडम, हिरवं होईपर्यंत दाबायचं ना?" हाताला काम मिळालं होतं. डोक्याला सुट्टी होती. असे उपक्रम ताटातल्या लोणच्यासारखे असतात. पान रंगीत दिसतं, पण जेवण तेच राहतं.

या सगळ्यात मला नेमकं बोट ठेवणारं काही मिळालं ते आयआयटी मुंबईत झालेल्या कामातून. तिथल्या शैक्षणिक तंत्रज्ञान विभागात सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लर्नर-सेंट्रिक मूक', म्हणजे विद्यार्थ्याला मध्यभागी ठेवणारा सर्वांसाठी खुला ऑनलाइन अभ्यासक्रम, अशी रचना मांडली आणि देशभरातल्या शिक्षकांना ती ऑनलाइनच शिकवली. त्यातली एक साधी कल्पना मी उचलली. व्हिडिओत शिक्षक एक प्रश्न विचारतो आणि म्हणतो, आता व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे चला. पुढे गेल्यावर तो थेट बरोबर उत्तर सांगत नाही. तुमच्यापैकी काहींनी असं लिहिलं असेल, काहींनी तसं, असं म्हणून त्या उत्तरांशी बोलतो. वाचायला सोपं वाटतं. पण हे लिहायला बसलेल्या शिक्षकाची पंचाईत होते, कारण विद्यार्थी काय चुकीचं लिहितील हे त्याला माहीत असावं लागतं. बरोबर उत्तरं आपल्या सगळ्यांकडे असतात. चुकीच्या उत्तरांचा साठा फार थोड्यांकडे असतो.

म्हणून मी चुकीची उत्तरं जमवायला लागले.

आमच्याकडे संख्याशास्त्र विभागात एक ज्येष्ठ सर होते, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. त्यांच्या नोट्सची फाईल पिवळी पडली होती, पण शिकवणं ताजं होतं. त्यांच्या वर्गात बसलेली माणसं अजून त्यांची आठवण काढतात. ऑनलाइनवर मात्र त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. मी त्यांच्यापुढे फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास ठेवला. त्यांनी एडएक्सवरच्या चार अभ्यासक्रमांतल्या सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी सर्वसाधारण विद्यार्थी फार तर सहा मिनिटं टिकतो, असं त्यात दिसलं होतं. सरांनी कागद परत दिला. "सहा मिनिटांत मी फक्त प्रस्तावना करतो," म्हणाले.

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच मागितलं की मध्यमानाच्या प्रकरणात माझा एक प्रश्न घाला आणि उत्तरं आली की मला अर्धा तास द्या. तो प्रश्न असा होता:

समजा, बाजार समितीच्या पत्रकात एका दिवसाचे कांद्याचे क्विंटलचे दर असे आहेत: किमान ५०० रुपये, कमाल २१००, सर्वसाधारण १५००. तुमच्या वडिलांच्या ट्रॉलीला ९०० मिळाले. यावरून काय म्हणता येईल? (अ) पत्रक खोटं आहे. (आ) निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांना वडिलांपेक्षा जास्त भाव मिळाला. (इ) किमान आणि कमाल यांची सरासरी १३०० येते, म्हणजे सर्वसाधारण दर फुगवून लिहिला आहे. (ई) एवढ्या माहितीवर यातलं काहीच ठामपणे सांगता येत नाही. पर्याय निवडा आणि का निवडला ते तीन-चार ओळींत लिहा.

पर्याय तपासायला संगणक पुरतो. ते 'का' मात्र माणसालाच वाचावं लागतं. सगळा खटाटोप त्या तीन-चार ओळींसाठी होता. बाजार समितीच्या पत्रकातला सर्वसाधारण दर म्हणजे बराचसा माल ज्या दराने गेला तो दर. तो गणिती मध्य नव्हे, बहुलकाच्या जवळचा. पाठ्यपुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक यांच्या व्याख्या प्रत्येकाने पाठ केलेल्या होत्या. तरी (आ) वर उड्या पडल्या, आणि (इ) लाही बरेच गिऱ्हाईक होतं. नाशिक, नगरकडच्या मुलांनी तर निबंध लिहिले. एकाने लिहिलं की लिलाव वाहनागणिक होतो, त्यामुळे एका ट्रॉलीचा भाव हा त्या ट्रॉलीतल्या मालाचा असतो, आमच्या ट्रॉलीत गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, जास्त होती. एका मुलीने विचारलं, पत्रकात आवकही दिलेली असते, मग मोठ्या आवकेच्या दराला जास्त वजन द्यायला नको का? तिला भारित मध्य हा शब्द माहीत नव्हता. कल्पना तिची तिने काढली होती. आणि एकाने (अ) निवडून फक्त एवढंच लिहिलं होतं: 'पत्रक खोटंच असतं.'

मी ही सगळी उत्तरं छापून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सवयीने लाल पेन उघडलं आणि पहिल्या पानावर दोन फुल्याही मारल्या. मग पेन थांबलं. ते वाचायला लागले. अर्ध्या तासाचे दोन तास झाले, मध्ये चहा येऊन गार झाला. "यांना हे असं का वाटतं?" असं ते स्वतःशीच दोनदा म्हणाले. मला वाटतं, त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत परीक्षेच्या बाहेर, गुण द्यायची सक्ती नसताना, विद्यार्थी विचार कसा करतो हे असं गठ्ठ्याने वाचायची वेळ आलीच नव्हती. उत्तरपत्रिका आपण वाचतो कुठे, तपासतो.

त्या गुरुवारी सरांनी घरून मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल उपडा ठेवलेला, खाली कोरा कागद, सरांचा हात आणि पेन. चेहरा नाही. मागे कुकरच्या दोन शिट्ट्या. नावं न घेता त्यांनी तीन उत्तरं घेतली. 'एकाने असं म्हटलंय, आणि त्याचं म्हणणं मला दहा मिनिटं पटलं होतं' अशी सुरुवात करून त्यांनी दहा ट्रॉल्यांचे दर कागदावर मांडले, बहुलकाच्या खाली राहूनही निम्म्यांच्या वर असता येतं हे दाखवलं, आणि भारित मध्याची कल्पना काढणाऱ्या मुलीला 'हिने मला पुढच्या प्रकरणाचा विषय दिला' म्हणून पुढच्या आठवड्याशी गाठ मारली. व्हिडिओ सहा मिनिटांहून थोडा मोठा होता. आमच्या तंत्रज्ञांनी कुकरची शिट्टी काढून टाकायची तयारी दाखवली, मी राहू दिली.

त्याचा आलेख शेवटपर्यंत वर होता. उठून गेलेली मुलं फार थोडी, आणि कित्येकांनी मध्ये मागे जाऊन तोच भाग पुन्हा पाहिलेला. आपलं उत्तर घेतलंय का हे बघायला सगळे थांबले होते, हे उघड आहे. ज्याचं घेतलं नव्हतं त्यानेही दुसऱ्या आठवड्यात जास्त लिहिलं. ग्वो यांच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, ती मी सरांना मुद्दामच आधी सांगितली नव्हती: स्टुडिओत थाटामाटात केलेल्या चित्रीकरणापेक्षा शिक्षक आपल्या टेबलाशी बसून घरगुती पद्धतीने बोलतो ते व्हिडिओ जास्त पाहिले जाऊ शकतात. आमच्या स्टुडिओच्या हिरव्या पडद्याला त्या सत्रात फारसं काम उरलं नाही.

तेव्हापासून आमच्या अभ्यासक्रमांचा आठवडा असा बसत गेला. सोमवारी छोटे व्हिडिओ आणि एक प्रश्न. बुधवारी रात्रीपर्यंत उत्तरं. गुरुवारी शिक्षकाचा उत्तरांवरचा व्हिडिओ, तो दर सत्रात नवा. सोमवारचे व्हिडिओ पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येतात. गुरुवारचा टाकून द्यायचा असतो. हे टाकून देणंच लोकांना सगळ्यात जड जातं. 'एवढं केलंय तर अपलोड करून ठेवू, पुढच्या बॅचला उपयोगी पडेल' असं प्रत्येक जण म्हणतो. पुढच्या बॅचने दुसऱ्याच्या उत्तरांवरची चर्चा कशाला पाहायची?

एरिक माझूर यांनी हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवताना १९९१ च्या सुमारास वर्गात असंच काहीसं सुरू केलं होतं. संकल्पनेवरचा प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपलं मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. सगळ्यांना येणारा प्रश्न तिथे कुचकामी आणि कोणालाच न येणाराही. मधला हवा, म्हणजे वाद रंगतो. आम्ही हे व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलवर आणलं, कारण मुलं तिथेच असतात. विद्यापीठाच्या पोर्टलवर लॉगिन करायला ओटीपी यायची वाट बघत बसावं लागतं; व्हॉट्सअ‍ॅप उघडंच असतं. अधिकृत जागा सोडून तिथे जाणं केंद्रातल्या काहींना रुचलं नाही. पण वर्ग तिकडे भरत असेल तर मास्तरांनी रिकाम्या खोलीत हजेरी घेऊन काय होणार?

मुलं कुठे आणि कशी शिकतात, हे डिझाइन करणाऱ्याने एकदा प्रत्यक्ष विचारून घ्यावं. लॅपटॉपवर, टेबलाशी बसून, शांत खोलीत असा विद्यार्थी आमच्याकडे अपवादानेच असतो. चाकणच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला जाणारा मुलगा कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओ बघतो. घरात एकच मोबाइल, तो दिवसा भावाकडे, रात्री दहानंतर हिच्याकडे, असंही असतं. एक बाई दोन मुलांची आई, बी.कॉम. पूर्ण करायला पुन्हा बसलेली. ती म्हणाली, "मॅडम, मी बघत नाही, ऐकते. पोळ्या करताना." त्यानंतर आम्ही प्रत्येक व्हिडिओची फक्त आवाजाची प्रत द्यायला लागलो, आणि 'इथे बघा', 'या आलेखात दिसतं तसं' अशी वाक्यं बोलण्यातून काढायला लागलो. फळ्याकडे बोट दाखवून शिकवायची सवय जाता जात नाही. स्लाइडवरची अक्षरं मी आता हातभर लांब धरलेल्या मोबाइलवर वाचून पास करते. अर्ध्याअधिक स्लाइड पहिल्या फेरीत नापास होतात.

सगळंच जमलं असं नाही. विद्यार्थ्यांनी एकमेकांचं काम तपासावं, हा परदेशी अभ्यासक्रमांत लोकप्रिय असलेला प्रकार आमच्याकडे साफ झोपला. सगळ्यांना दहापैकी दहा. तू माझे दे, मी तुझे देतो, असा सरळ व्यवहार. खरं तर यात नवल काहीच नव्हतं. गुण ही आपल्याकडे वस्तू आहे, ती मित्राला नाकारणं म्हणजे शत्रुत्व. मग गुण काढून टाकले आणि सांगितलं की दुसऱ्याचं उत्तर वाचून त्याला एक असा प्रश्न विचारा की ज्याचं उत्तर त्याने लिहिलेलं नाही. प्रश्न विचारण्यात कोणाचं काही जात नाही. तिथून गप्पा सुरू झाल्या, आणि त्यातले काही प्रश्न माझ्या प्रश्नपेढीत अजून आहेत.

सत्राच्या शेवटी अभिप्राय आले तेव्हा त्यात एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत फिरून फिरून येत होतं: 'सर शिकवत नाहीत, आमच्याकडूनच करून घेतात.' गुण बरे होते, तरी तक्रार होतीच. हे वाचून एका तरुण प्राध्यापिकेने पुन्हा पन्नास मिनिटांच्या व्याख्यानाकडे जायचं ठरवलं होतं. त्याच सुमारास मी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हार्वर्डमधला एक प्रयोग वाचला होता. लुई देलॉरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट केले. तोच मजकूर, तेच मुद्दे. एका गटाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्याला स्वतः सोडवायला लावणारा तास. चाचणीत दुसरा गट पुढे होता, पण आपण किती शिकलो असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. ओघवतं बोलणं ऐकलं की समजल्यासारखं वाटतं. स्वतः धडपडताना न समजलेलंच जास्त डोळ्यांत भरतं. मी त्या प्राध्यापिकेला सांगितलं, हे पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून टाक. आता आमच्या सगळ्या अभ्यासक्रमांच्या ओळखीत ते असतं. तक्रारी थांबल्या नाहीत, पण त्यांचा सूर बदलला.

मग नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या वर्षभरात आमच्या 'का' खालची उत्तरं एकदम शहाणी झाली. सगळ्यांची वाक्यं सारखी लांब, सगळीकडे 'निष्कर्षतः', शुद्धलेखन निर्दोष. गोल्टी गायब. सरांच्या जागी आलेल्या तरुण शिक्षकाने गुरुवारी वैतागून फोन केला, "मॅडम, यावर बोलू काय? कोणी चुकलंच नाहीये." पकडापकडी करणारी सॉफ्टवेअरं आणायचा प्रस्ताव आला, मी त्याला विरोध केला, चोर-पोलीस खेळायला लागलो की शिकवायला वेळ उरत नाही. त्याऐवजी उत्तर आवाजात मागवलं. आपल्या भागातल्या बाजाराचं आजचं पत्रक मिळवा, त्यातली एक विचित्र वाटणारी नोंद घ्या, आणि तिच्याबद्दल दोन मिनिटं बोला, जशी घरी बोलता तशा भाषेत. आणि उत्तरं आली. वऱ्हाडीत आली, अहिराणीत आली, मागे एसटीचा हॉर्न, म्हशीचं ओरडणं, आईचं 'कोणाशी बोलतोयस?' लिहून देताना जे प्रमाणभाषेत अडखळायचे, ते बोलताना संख्याशास्त्र छान वाकवत होते. कोणी चॅटजीपीटीचं वाचूनही दाखवलं असेल. पण वाचलेलं कानाला लगेच कळतं, आणि त्यातही 'हे जे वाचलंस त्याचा तुझ्या पत्रकाशी काय संबंध?' असं विचारता येतं. शिक्षक आता ही उत्तरं दीडपट वेगाने ऐकतात. मुलं त्यांना इतकी वर्षं तशीच ऐकत होती.

यात नवीन काही आहे असं मी कोणाला सांगत नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने जानेवारी १९७१ मध्ये पहिल्या विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली. बीबीसीवरच्या तिच्या कार्यक्रमांचं जगभर नाव झालं, पण विद्यार्थ्याला धरून ठेवणारी गोष्ट होती टपालाने परत येणारा गृहपाठ, समासात ट्यूटरने लिहिलेल्या शेऱ्यांसह. आपल्याकडे १९८५ मध्ये इग्नू आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं, तेव्हाही दूरशिक्षणाची पुस्तकं मध्येच थांबवून प्रश्न विचारणारी असत, 'आपली प्रगती तपासा' म्हणणारी. व्हिडिओ थांबवून वहीत लिहायला लावणं हे त्याचंच पुढचं पाऊल. आणि गृहपाठ वाचणारा माणूस कमी पडला की त्याचं काय होतं, हेही दूरशिक्षणाने पाहिलं आहे: बाजारात तयार उत्तरांच्या वह्या मिळायला लागतात.

म्हणून माझी खरी लढाई आता स्टुडिओत नाही, हिशेबाच्या कागदावर आहे. व्हिडिओ केला की मिनिटांवर मानधन मिळतं, त्याचे तास कार्यभारात धरले जातात, वार्षिक अहवालात तक्ता येतो. दर आठवड्याला दोनशे उत्तरं वाचून किंवा ऐकून गुरुवारी त्यावर बोलणाऱ्या शिक्षकाच्या नावावर काहीच जमा होत नाही. मी टिपण सादर केलं, त्यात रेकॉर्डिंगचे तास कमी करून तेवढेच तास वाचनाला द्यावेत अशी मागणी केली. समितीत एका सदस्यांनी विचारलं, "वाचायला वेगळे पैसे कशाला? ते तर शिक्षकाचं कामच आहे." मी म्हटलं, मग कार्यभारात धरा. विषय पुढच्या बैठकीवर गेला, तिथून पुढच्या.

मधल्या काळासाठी एक वाट निघाली आहे. अभ्यासक्रम चांगल्या रीतीने पूर्ण केलेल्या माजी विद्यार्थ्यांतले काही जण आम्ही मदतनीस म्हणून घेतो. ते उत्तरं आधी वाचतात, सारखी उत्तरं एकत्र करतात, आणि शिक्षकापुढे पंधरा-वीस बोलकी उत्तरं ठेवतात. कांद्याच्या प्रश्नात भारित मध्य शोधून काढणारी मुलगी आता त्यांच्यात आहे. तिची छाननी शिक्षकांच्या छाननीपेक्षा कडक असते. गुळगुळीत उत्तर ती पहिल्या ओळीत ओळखते आणि शेजारी फक्त 'गाव?' असं लिहून परत पाठवते.

यांना पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे, यावर वित्त विभागाशी बराच पत्रव्यवहार झाला. 'उत्तर वाचणे' असं शीर्ष अंदाजपत्रकात नाही. शेवटी 'उत्तरपत्रिका तपासणी' या शीर्षाखाली देयकं काढायला मंजुरी मिळाली. मग लेखापरीक्षणात शंका आली की या उत्तरपत्रिकांवर बैठक क्रमांक का नाहीत. तेव्हा या सत्रापासून आम्ही आवाजातल्या उत्तरांनाही बैठक क्रमांक देतो, आणि देयकाच्या फॉर्मवर 'गठ्ठ्यांची संख्या' असा जो रकाना आहे, त्यात मी आठवडे लिहिते.